खिडकीच्या टेबलावरचे चार टोस्ट

मित्रांनो, माझ्या अंगाला चार खाचा आहेत आणि माझं सगळं आयुष्य टोस्ट गार करण्यात गेलं. मी टोस्टचा स्टँड. ताटाळ्यात ताटं उभी राहतात तसे माझ्यात टोस्ट उभे राहतात. घाम धरून मऊ पडत नाहीत, कुरकुरीत राहतात. पण चारी बाजूंनी वारा लागतो आणि दोन मिनिटांत ऊब जाते. एक हवं तर दुसरं सोडा, असा आमच्या घराण्याचा व्यवहार आहे.

शेफिल्डच्या कारखान्यात मला वाकवलं, जोडलं, वरून चांदीचं पाणी दिलं. व्हिटबीच्या एनिड हॅदरलीबाईंच्या लग्नात मी भेट म्हणून आलो. नवरा लवकर गेला. मग बाई समुद्राकडच्या तीन खोल्या पाहुण्यांना देऊ लागल्या, आणि मी खिडकीच्या टेबलावर नोकरीला लागलो.

तिथून मला माणसं कळली. लोणी थेट कडेपर्यंत नेणारा माणूस घरी समाधानी असतो. मधोमध गोळा थापणाऱ्याला घरी कुणी बोलू देत नाही. मार्मलेडमधल्या संत्र्याच्या साली निवडून ताटलीच्या कडेला लावणाऱ्या बायका पुढच्या वर्षी खोली बदलून मागतात. आणि ते काळं, खारट यीस्टचं चाटण! एकाच टेबलावर नवरा ते बोटभर थापतो आणि बायको नाक मुरडते, तरी त्यांचे संसार चाळीस-चाळीस वर्षं टिकलेले मी पाहिले आहेत. बाईंची धाकटी बहीण डोरीन भांडी घासायला यायची. ती टोस्टवर डब्यातले सार्डिन मासे ठेवून उभ्यानंच खायची आणि तोंडात घास असतानाच सगळ्यांवर शेरे मारायची.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात लीड्सहून मिस्टर सिरिल पेनकेट यायचे. कुठल्याशा कचेरीत कारकून, एकटे, जेवतानाही टोपी मांडीवर. ते पहिल्यांदा आले त्या सकाळी बाईंनी ग्रिलखालून काढलेले टोस्ट माझ्यात उभे केले, तेव्हा माझ्या तारांना चटका बसला. पेनकेटांनी मात्र हात लावला नाही. सुरी सरळ केली, लोणी जवळ ओढलं आणि बसून राहिले. बाकीची टेबलं आटपून बाई चहाची दुसरी किटली घेऊन आल्या, समोरच्या खुर्चीच्या पाठीला जरा टेकल्या, वाऱ्याबद्दल दोन शब्द बोलल्या. तेव्हा कुठे पेनकेटांनी पहिला टोस्ट उचलला. तोवर तो पाटीसारखा गार.

सातही दिवस हेच. मी वीतभर अंतरावर होतो, मित्रांनो. त्यांची नजर टोस्टवर नव्हती, स्वयंपाकघराच्या दारावर होती.

बाईंनी वेगळाच निष्कर्ष काढला.

"त्यांना गारच आवडतात," त्या डोरीनला म्हणाल्या.

"गार टोस्ट कुणाला आवडतो गं?"

"असतात काही माणसं. आठवडाभर बघतेय, गार व्हायची वाट बघतात."

"मग विचार की त्यांना."

"पाहुण्याला असं विचारतात होय? अवघडतील बिचारे."

पुढच्या सप्टेंबरात बाईंनी टोस्ट अर्धा तास आधीच भाजले. पेनकेट खाली आले तेव्हा ते माझ्यात गारठून उभे होते. "तुमच्यासाठी मुद्दाम गार केलेत," बाई म्हणाल्या. चेहरा असा खुललेला, की पेनकेटांनी लगेच एक टोस्ट उचलला. मग म्हणाले, "किती लक्षात ठेवता तुम्ही, मिसेस हॅदरली. अगदी मनासारखे आहेत."

आणि निवांत खाता यावं म्हणून चहाची दुसरी किटली बाईंनी डोरीनच्या हाती पाठवली.

एकदा, बाराव्या वर्षी, पेनकेटांनी धीर केला. "मिसेस हॅदरली, उद्या टोस्ट जरा..."

"कडक झाले का?"

"छे, छे. उत्तम आहेत."

आत डोरीन म्हणाली, "टोस्ट गार, आता माणूसही गारठायला आलाय. अगं, बस ना घटकाभर त्याच्या समोर."

"माझी अंडी उकळतायत," बाई म्हणाल्या. पण मला एरवी महिन्यातून एकदा पॉलिश व्हायचं, आणि त्या आठवड्यात रोज. हे डोरीनला दिसत होतं आणि मलाही.

असे एकोणीस सप्टेंबर गेले. पाचशे बत्तीस गार टोस्ट. पेनकेटांनी एकही टाकला नाही.

विसाव्या वर्षी खोली तयार होती, पण आल्या पेनकेटांच्या बहीण, मिस आयव्ही. हातात मार्मलेडची बरणी. "सिरिल जूनमध्ये गेला. हे त्यानं जानेवारीत केलं होतं. चिठ्ठीवर तुमचं नाव आहे."

दुसऱ्या सकाळी बाईंनी सवयीनं गार टोस्ट त्यांच्यापुढे ठेवले. "त्यांना आवडायचे तसेच केलेत."

"सिरिलला? गार?" आयव्हीबाई हसल्या. "घरी ग्रिलपाशी उभाच असायचा. बोटं भाजून घ्यायचा, लोणी मनगटावर ओघळायचं. गार झाला की चिमण्यांना घालायचा."

बाईंनी माझ्यातला एक गार टोस्ट हातात घेतला. "पहिल्या वर्षी बसून राहायचे हो. मी बाहेर येईपर्यंत."

आयव्हीबाईंचं हसू गेलं. त्यांनी बाईंच्या हातावर हात ठेवला. बाई समोरच्या खुर्चीत बसल्या. वीस वर्षांत पहिल्यांदा.

आता मी कपाटावर असतो. पाहुण्यांना टोस्ट कपड्यात गुंडाळून, गरम जातात. माझ्या खाचांत पेनकेटांची कार्डं आहेत, दर मार्चला आलेली: 'नेहमीची खोली, नेहमीचा आठवडा.' चांदीचं पाणी उडालं, मी काळा पडलो. मला घासा असं मी म्हणणार नाही, मित्रांनो. तुमच्यासमोर कुणी भरल्या ताटापाशी न खाता बसलं असेल, तर मनानं काही ठरवू नका. त्याला विचारा. आणि तुम्हीच कुणाची वाट बघत बसला असाल, तर तसं सांगा.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बाई कार्डं काढून ठेवतात, माझ्यात चार गरम टोस्ट उभे करतात आणि खिडकीच्या टेबलापाशी बसतात. मी फार प्रयत्न करतो. पण दोन मिनिटांपलीकडे ऊब धरणं मला कधी जमलंच नाही.