पायलीचे पोट

मित्रांनो, माझ्यात डोकावून पाहाल तर आधी गंजाचा वास येईल आणि मग जुन्या धानाचा. मी लोखंडी पत्र्याची पायली आहे. तुमच्या घरी वजनकाटा असेल, म्हणून सांगते. पूर्वी धान तोलत नसत, मापून देत असत. शेर हे लहान माप, आणि चार शेरांची एक पायली. सिंदेवाहीच्या एका लोहाराने मला घडवले. तळाला आणि तोंडाला जाड पट्टी ठोकली, चार शेर धान ओतून पाहिले आणि वरून हात फिरवला. एक दाणा सांडला नाही, एक दाणा कमी पडला नाही. मगच त्याने मला हातावेगळे केले.

जंगलाला लागून असलेल्या एका गावात मी बायनाबाईच्या हाती आले. बायनाबाई तेव्हा नवी सून होती. कापणी झाली, खळ्यावर चुरणा म्हणजे मळणी झाली की मजुरांना मजुरी म्हणून धान मिळे, आणि ते मापायला गाव तिलाच बोलावी. ती मला भरायची, दाणकन जमिनीवर टेकवायची, वरून हात फिरवायची आणि मोठ्याने आकडा म्हणायची. शेताचा मालक तिच्याकडे संशयाने पाहत नसे, मजूरही पाहत नसे. तीस-पस्तीस हंगाम आम्ही दोघींनी असे काढले.

मग एका वर्षी गावातल्या आशाबाई नावाच्या मजूर बाईने मजुरीचे धान घरी नेले आणि आपल्या डब्याने पुन्हा मापले. तिच्याकडे तेलाचा एक जुना पत्र्याचा डबा होता, त्यालाच ती पायली समजे. पाच पायल्या धान पाच डबे भरेना. विहिरीवर ती दोघींजवळ बोलली. संध्याकाळपर्यंत वीस जणींना ठाऊक झाले की बायनाबाईची पायली आखूड आहे. कोणी म्हणाले, मालकाने तिला फितवले. कोणी म्हणाले, लोहारच तिच्या माहेरचा होता. गावात प्रत्येक घरी शेर होता, पण चार शेर ओतून पाहायला कोणी उठले नाही. बायनाबाईही उठली नाही. तिचे म्हणणे एकच होते, इतक्या वर्षांनी मी परीक्षा द्यायची का?

पुढच्या हंगामात तिला कोणी बोलावले नाही. तिने मला पुसले आणि माळ्यावर ठेवले. तिथे मी बारा वर्षे पडून होते. पाली माझ्यात अंडी घालत. पावसाळ्यात पत्र्याला घाम यायचा. खालून माणसांचे बोलणे ऐकू आले की मला वाटे, माझ्याबद्दलच बोलत असतील. संशय माझ्या अंगाला गंजासारखाच लागला होता.

एके दिवशी बायनाबाईची नात नूतन माळ्यावर चढली. ती सिंदेवाहीला शिकत होती. तिथे एक नवी कार्यशाळा सुरू झाली होती. संगणकावर वस्तूचे चित्र काढायचे आणि यंत्राने ती खरीखुरी कापून घ्यायची, असे तिथले काम. सगळ्यांना घरातली एक वस्तू आणायला सांगितले होते. नूतनने आजीला एवढेच सांगितले की सरावासाठी पायली नेते. बायनाबाई म्हणाली, "ने. पन हरपवू नको."

मला मात्र तिच्या नजरेची शंका आली. घरात पाण्याचा पितळी गडवा होता, सूप होते, दिवा होता. हिला मीच कशी आठवले?

कार्यशाळेत जळक्या लाकडाचा वास होता. अश्वजित सर शिकवायचे. त्यांनी सांगितले, चित्र काढण्याची दोन-तीन सॉफ्टवेअर आहेत, सगळी वापरून पाहा आणि मग ठरवा. पहिल्यात फोटोंवरून आकार तयार होत असे. नूतनने माझ्याभोवती फिरून साठ फोटो काढले. संगणक बराच वेळ विचार करत बसला आणि त्याने माझे तोंडच बुजवून टाकले. आतला अंधार त्याला दिसला नाही, म्हणून त्याने आत काही नाही असेच धरले. मी लाकडाच्या ओंडक्यासारखी दिसत होते. माझा त्याच्यावरचा उरलासुरला विश्वास तिथेच उडाला.

दुसऱ्यात मापे आपणच भरायची होती. नूतनने पट्टी घेतली, तोंडाची रुंदी मोजली, पत्र्याची जाडी मोजली, आत कडेला पट्टी टेकवून खोली मोजली. पडद्यावर एक वर्तुळ काढले आणि वर ओढले, तशी मी उभी राहिले. गंज नाही, पोचा नाही. मी लोहाराच्या हातून निघाले तेव्हाही इतकी नीट नव्हते. कोपऱ्यात आकडा आला, पायलीत किती मावते त्याचा. नूतनने तो आकडा वहीत लिहिला नाही, तळहातावर लिहिला आणि मूठ मिटली. सरावाचा आकडा कोणी असा लपवत नाही.

मग पातळ प्लायवूडची गोल कडी कापली गेली. लेझरच्या ठिणगीने कडा काळ्या झाल्या. पन्नासाहून जास्त कडी एकावर एक चिकटवून, खाली सपाट चकती लावून माझी लाकडी जोडीदारीण तयार झाली. नूतन आम्हा दोघींना पिशवीत घालून घरी घेऊन आली.

अंगणात तिने मला धानाने सपाट भरले आणि ते धान लाकडी पायलीत ओतले. ती काठोकाठ भरली, आणि दीड मूठ धान खाली सांडले.

नूतन घाबरली. तिने पुन्हा मापले. पुन्हा दीड मूठ सांडले. संगणक चुकला असेल, यंत्राने कडी जाड कापली असतील, असे ती पुटपुटत राहिली. बायनाबाई ओट्यावरून सारे पाहत होती. तिला ते लाकडी माप मुळीच आवडले नव्हते. तिने विचारले, "तुह्या यंत्राले कोनं सांगतलं का पायली एवढी हाय मनून?"

"मीच सांगतलं, आजी. जे सांगू तेच ते ऐकते."

"मंग तूच चूक सांगतली असन."

ती खाली उतरली, मला मांडीवर घेतले आणि हात आत घातला. बोटे तळावरून हळूहळू फिरली आणि मधोमध थांबली. तळ खाली फुगला होता. भरलेले धान घेऊन तीस-पस्तीस हंगाम मी दाणकन जमिनीवर टेकले होते, आणि दर वेळी पत्रा केसभर खाली बसत गेला होता. तळाच्या पट्टीवर उभी असल्यामुळे बाहेरून काहीच दिसत नसे. नूतनने खोली कडेला मोजली होती, मधे नाही.

म्हणजे तिचे चित्र चुकले होते, तरी ते खोटे नव्हते. ते मी नवी होते तेव्हाचे होते.

बायनाबाईने हात बाहेर काढला आणि नातीकडे पाहिले. आता तिच्या ध्यानात आले होते. ती म्हणाली, "तू सराव नाई करत होती. तू मोजून राह्यली होती. तुले बी वाटलं का मी आखूड माप देल्लं?"

नूतन खोटे बोलली नाही. "हो आजी. लहानपनापासून आयकत आलो. मले माहीत करून घ्याचं होतं."

बायनाबाईने सांडलेले धान मुठीने गोळा करून सुपात टाकले. मग म्हणाली, "आशाबाईले बोलाव. तिचा शेर आनाले सांग. आन् तो डबा बी."

आशाबाई आली, पण सावधपणे. नातीने आजीच्या बाजूने यंत्र लावले असणार, अशी तिला शंका होती. म्हणून बायनाबाईने धानाला हातच लावला नाही. आशाबाईने स्वतःच्या शेराने चार वेळा लाकडी पायली भरली, हात फिरवला. माप बरोबर झाले. मग चार शेर माझ्यात ओतले. वर दीड मुठीची जागा रिकामी राहिली. शेवटी चार शेर तिच्या डब्यात गेले, आणि डबा चार बोटे रिता राहिला.

तिने डब्यात वाकून पाहिले. पुन्हा चार शेर मापले. शेजारच्या बाया कुंपणापाशी जमल्या होत्या, त्याही माना उंचावून डब्यात पाहू लागल्या. आशाबाई चूक झाली असे म्हणाली नाही. तिने डबा उलटा करून झटकला आणि काखेत मारून निघून गेली.

मला वाटले, बायनाबाई आता मला पुसून मिरवत खळ्यावर नेईल. तिने तसे केले नाही. ती म्हणाली, "आखूड नोती. पन बराबर बी नोती. मालकाचं धान जास्त गेलं." दुसऱ्या दिवशी ती स्वतः सिंदेवाहीला गेली आणि लाकडी पायलीच्या तळाला बाहेरून पत्रा बसवून घेतला, म्हणजे तळ फुगणार नाही. त्या हंगामात खळ्यावर मापायला ये म्हणून निरोप आला. तो आशाबाईने पाठवला होता. बायनाबाई गेली, नवी पायली घेऊन.

मला नूतनने पुन्हा कार्यशाळेत नेले, आणि आता मी तिथल्या फळीवर आहे. नवी मुले आली की अश्वजित सर माझे चित्र काढायला सांगतात. मुले वर्तुळ ओढतात, आकडा येतो, आणि सगळ्यांचा आकडा दीड मुठीने कमी येतो. परवा एका हुशार मुलाला हा तळ वाकडा दिसला. तो ठोकून सपाट करायला त्याने हातोडीसुद्धा उचलली होती. नूतनने त्याचा हात धरला.

मित्रांनो, पावसाळ्यात मला थोडे तेल लावा, ओल लागू देऊ नका. मोजायचे असेल तर हवे तितके मोजा, मला त्याचा राग नाही. राग आहे तो न मोजता बोलण्याचा. एवढे मात्र करा, माझा तळ ठोकून सरळ करू नका. बायनाबाईने दिलेले जास्तीचे धान तेवढ्याच जागेत होते.