सातव्या तारेचा हट्ट

मी सात तारांची इलेक्ट्रिक गिटार. आष्टीतले लोक मला बघितलं की आधी माझ्या तारा मोजायचे आणि मग विचारायचे, "ही एक जास्तीची कशाला?" त्या एका तारेपायी काय झालं, तेच आज सांगतेय.

मी परदेशी कारखान्यात घडले. बाजार खुला झाल्यावर तसला माल पुण्याच्या दुकानांत येऊ लागला, त्यात मीही आले. एका कॉलेजच्या पोराने मला नेलं, कंटाळला आणि परत आणून ठेवलं. काचेमागे धूळ खात होते, तेव्हा संगमेश्वर आला. आष्टीच्या रुद्रप्पा वाण्यांचा हा मुलगा दुकानात बसायचा तो नावाला. जीव सगळा लग्नाच्या ऑर्केस्ट्रात. "आपल्याकडं असली कुणाकडंच न्हाई," म्हणत त्याने मला एसटीतून मांडीवर घेऊन आणलं.

दुकानदाराने सहा तारा नेहमीसारख्या लावल्या होत्या आणि सातवी, सगळ्यात जाड, त्यांच्या खालच्या सुरात. संगमेश्वरला ते पटेना. दिवसदिवस तो माझ्या खुंट्या पिळत बसे. जाड तार कधी चढवी, कधी उतरवी. शेवटी ती पेटीच्या पांढरी सहाला, म्हणजे हार्मोनियमच्या सहाव्या पांढऱ्या पट्टीच्या सुराला जुळवली. आता एकच बोट आडवं ठेवून तीन जाड तारा एकदम छेडता येत होत्या, आणि छेडल्या की घरावरचे पत्रे थरथरत. त्याचं ठरलं. यापुढे प्रत्येक गाणं याच पट्टीत.

गाणारी होती सुकन्या. शिरूर कासारजवळच्या मेंढपाळाच्या घरातली, माळावर मेंढरांमागं गाऊन तयार झालेली. गळा भरदार, जरा खालचा. पहिल्याच तालमीत ती म्हणाली, "भाऊ, पट्टी लई वर जातीय. पांढरी पाचला आणा की."

"तार ढिली केली की फरफरती. घुमत न्हाई मग."

"मग आणखी जाड तार आणा."

"त्याला पुण्याला जावं लागंल. लग्नसराई संपू द्या. तवर तुमीच जरा वर घ्या."

सुकन्याने वर घेतलं. माझी जाड तार घुमली की वऱ्हाडी शिट्ट्या मारत नाचायचे, आणि ती मानेच्या शिरा ताणून गायची. गाणं संपलं की मांडवामागे जाऊन मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायची. संगमेश्वरला ते दिसायचं. मग तो नजर फिरवून माझ्या तारा पुसत बसायचा.

लिंबागणेशच्या एका लग्नात, गाण्याच्या मध्यावर, तिच्या तोंडून नुसती हवा बाहेर आली. लोकांना वाटलं, माईक गेला. संगमेश्वरला मात्र कळलं. त्याचं बोट माझ्या तारांवर तसंच आडवं राहिलं.

बीडच्या डॉक्टरांनी गळ्यात गाठी आल्याचं सांगितलं आणि तिचं बोलणंच बंद केलं. गाठी पुढे बऱ्या झाल्या, पण वरचा आवाज गेला तो गेलाच.

ऑर्केस्ट्राला दुसरी गाणारी मिळाली. संगमेश्वर मात्र वाजवताना चुकायला लागला. घरी मला पिशवीतून काढायचा, जाड तारेवर हात ठेवायचा आणि न वाजवताच परत ठेवायचा.

"कावून रे, वाजवीत न्हाईस?" रुद्रप्पांनी एकदा विचारलं.

"आप्पा, एका बाईचा गळा घालवला मी."

रुद्रप्पांनी माझी पिशवी उचलून भिंतीला नीट टेकवली.

मग तो पुण्याला जाऊन खरंच जाड तारा घेऊन आला. त्या मला चढवल्या आणि मला व लहानसा स्पीकर घेऊन सुकन्याच्या दारात उभा राहिला. तिची आई कडूबाई म्हणाली, "आता कशाला आलाव?" सुकन्यानेच त्याला आत घेतलं. तिचा आवाज घोगरा झाला होता.

"गा म्हणत न्हाई मी," तो खाली बघत म्हणाला. "नुसती पट्टी लावतो. तुमचा गळा बसंल तिथं मला थांबवा."

त्याने माझ्या साती तारा थोड्या उतरवल्या. सुकन्याने गुणगुणून बघितलं आणि मान हलवली. त्याने आणखी उतरवल्या. पांढरी चारला तिचा सूर स्थिर राहिला. जाड तार फरफरली नाही. आधीपेक्षा खोल घुमली.

सुकन्याने हात पुढे करून ती तार थांबवली. "खालीबी घुमती की ही."

"चुकलं माझं, ताई."

"चुकलंच. आता तुमच्यासंगं न्हाई गाणार मी. मेंढरांमागं गाते, तेवढं बास हाय." मग म्हणाली, "च्या घ्या, अन् मग जा."

त्याने चहाचा कप रिकामा केला आणि मला घेऊन निघाला.

आता माझा रंग उडालाय आणि दोन खुंट्या बदलल्यात. संगमेश्वर अजून लग्नांत वाजवतो. नवी गाणारी आली की तो आधी तिला गुणगुणायला लावतो आणि मग मला हातात घेतो. सुकन्याचं नाव मात्र काढत नाही.

तुमच्यापैकी कुणाच्या हातात माझ्यासारखी एखादी असेल, तर गाणाऱ्याच्या गळ्यासाठी तेवढी खुंटी फिरवा. तार ढिली करताना मला काही दुखत नाही.