छप्पन्नाव्या दिवसाचा ठोकळा

मी काँक्रीटचा ठोकळा बोलतोय. खरं तर माझे तुकडे बोलताहेत. पण हळहळू नका. माझ्याइतक्या थाटात फुटलेला ठोकळा तुम्ही पाहिला नसेल!

माझा जन्म एका दुमजली दवाखान्याच्या बांधकामावर झाला. खालच्या बारा खांबांत ओतलेल्या मालातूनच थोडा काढून आम्हा नऊ भावंडांना लोखंडी साच्यांत भरलं. आम्हाला फोडून खांबांची ताकद कळणार होती. वाळू-खडी नेहमीचीच, पण सिमेंट निम्मंच, उरलेली निम्मी वीजघरातली राख. सिमेंट भाजायला किती इंधन जळतं! राख बिचारी आधीच जळून बसलेली. हे डोकं ठेकेदार ताईंचं, आणि त्यांचं हे पहिलंच स्वतंत्र काम.

त्यांचे काका तिथले मुकादम. ते म्हणायचे, राखेनं भांडी घासावीत, खांब उभे करू नयेत.

आम्हाला पाण्याच्या टाकीत ठेवलं. सातव्या दिवशी तीन भाऊ फुटले, अगदीच लेचेपेचे. अठ्ठाविसाव्या दिवशी आणखी तीन. यंत्राचा काटा सहाशेवर, म्हणजे साधारण साठ टनांच्या दाबावर, जायला हवा होता, तो चारशे नव्वदवरच बसला. राखेचा माल उशिरा पिकतो हे ताईंना ठाऊक होतं, पण जुन्या सवयीनं करारात त्यांनीच अठ्ठावीस दिवस लिहिले होते. इंजिनीअर साहेबांनी कागदावर बोट ठेवलं आणि बाराही खांब तोडायला सांगितले.

ताई शांतपणे म्हणाल्या, "चूक माझ्या लिहिण्यात आहे साहेब, मालात नाही. छप्पन्न दिवस होऊ द्या. तीन ठोकळे शिल्लक आहेत."

"दिले. पण एक जरी कमी भरला, तरी पहिला घण मी घालीन."

मग काय सांगू! बाहेर काम बंद आणि आमच्या पोटात लगीनघाई. राखेचा कण न् कण सिमेंटमधून सुटलेल्या चुन्याला मिठी मारत होता, बारीक भोकं बुजत होती. काका रोज आम्हाला शिव्या घालत आणि रोज न चुकता टाकीत पाणी भरत.

छप्पन्नावा दिवस उजाडला. एक भाऊ सहाशे चाळीसवर फुटला, दुसरा सहाशे साठवर. मग मी. वरून लोखंड दाबत आलं. चारशे नव्वद मागे पडलं. पाचशे. सहाशे! ताईंनी पदर मुठीत घट्ट धरलेला. सहाशे ब्याऐंशीला मी कडाडून फुटलो.

साहेबांनी सही केली. काकांनी माझा एक तुकडा उचलून हातात तोलला.

"वरच्या खांबांनाही हाच माल घाल, पोरी."

आता मी दाराशी पडलोय, उद्या पायरीच्या भरावात जायचंय. मंडळी, मागणं एवढंच, सावकाश पिकणाऱ्याला घाईनं कच्चा ठरवू नका. आणि दवाखान्यात याल तेव्हा पायरीवर बिनधास्त पाय ठेवा. अडुसष्ट टन पेललेत मी, तुमचं ते काय ओझं!