रतनबाईचा हातोडा

आमच्या चर्चच्या मंडळीत माझ्याएवढी लांब प्रार्थना कुनी करत न्हाई. तरी पाळकसाहेब मलाच म्हनाले, “रिबकाबाई, जरा देवालाही बोलू द्या. रोज थोडा वेळ गप्प बसून ऐका.”

लई राग आला. पर म्हनलं, बघू ऐकून.

बहात्तरचा दुष्काळ हुता. शेवगावच्या रस्त्यावर आमी बाया खडी फोडायचो. दुपारच्या सुट्टीत मी तोंडावर पदर घेऊन, डोळे मिटून बसायला लागले. चार दिवस बसले. देव काय बोलंना. ऐकू यायचा तो शेजारच्या रतनबाईचा हातोडा. सुट्टीतबी ह्या बाईला दम न्हाई! माझा तर अंगठा ठेचलेला, तरी चारी दिवस संध्याकाळी माझा ढीग मापात भरला. ही प्रार्थनेची करनी म्हनावी, तर देव गप्प का? काय समजंना.

पाचव्या दिवशी मी पदराआडूनच वरडले, “रतनबाई, ठेव की तो हातोडा! देव बोलला तर मला ऐकू कसं येनार?”

“बरं बाई,” ती म्हनली. हातोडा थांबला. सगळं शांत झालं. तरी देव गप्पच.

त्या सांजंला माझा ढीग मापात कमी भरला. मुकादम वरडला. मी रतनबाईकडं बघितलं. ती मान खाली घालून हातांवरची धूळ झटकत हुती.

रविवारी पाळकसाहेबांनी इचारलं, “काय, ऐकू आलं का काही?”



“आलं हुतं बहुतेक,” मी म्हनले. “मीच गप्प केलं.”