दोन आगी

चित्रात रिफायनरीच्या चिमणीवरची ज्वाला होती. मी त्या चित्राखाली स्वयंपाकाचं पुस्तक ठेवलं, तेव्हा गॅलरीचे धवलभाई खो-खो हसले.

विद्यापीठाची ग्रंथपाल मी. या प्रदर्शनात प्रत्येक चित्राला पुस्तक जोडायचं काम माझंच होतं.

"बरं, निदान काचेच्या पेटीत तरी ठेवा," ते म्हणाले.

"पेटीतलं पुस्तक कोण वाचणार? उघडंच राहील!" मी ठणकावलं.

उद्घाटनाला वासणा भागात राहणाऱ्या मंदाताई आल्या, सोबत रिफायनरीतून निवृत्त झालेले त्यांचे यजमान. ते ज्वालेकडे एकटक बघत राहिले. मंदाताईंनी पुस्तक चाळलं आणि मोठ्यांदा म्हणाल्या, "अहो, तुमची आग आणि माझी आग! चला, आज एकदाच्या शेजारी बसल्या."

सगळं दालन टाळ्यांनी दणाणलं. धवलभाईंनी शेजारी तयार ठेवलेली रिकामी काचेची पेटी स्वतःच उचलली आणि आत नेऊन ठेवली.