स्प्रिंगचं सातवं कार्ड

“भाऊ, अहो ‘घरगुती दुरुस्ती’ नावाचं पुस्तक तुम्ही शेवटचं कुठल्या कपाटात पाहिलंत?” शिडीवरून ग्रंथपालांनी विचारलं. तीन दिवस ते तेच शोधत होते. भुवयांवरसुद्धा धूळ बसली होती.

“आठवत नाही बुवा,” भाऊ पुटपुटले आणि टेबलाशी जाऊन बसले.

आपल्या बोलण्यात मुरलेल्या इंग्रजी शब्दांचा कोश करायचं ते कार्यालय. भाऊ तिथे एकतीस वर्षं कार्डं लिहीत होते. एका अर्थाला एक कार्ड. त्यावर अर्थ, मूळ आणि छापील पुस्तकातलं एक वाक्य, पानाच्या आकड्यासकट. ऐकीव वाक्य चालत नसे. सगळ्या शब्दांत भाऊंचा जीव ‘स्प्रिंग’वर. मूळ अर्थ उसळणं. जमिनीतून पाणी उसळलं, तो झरा. फांदीतून पालवी उसळली, तो वसंत. दाबली तरी उसळून येते, ती तार. “एका आईची लेकरं आहेत, नाकं तेवढी वेगळी,” असं ते नवीन माणसाला हटकून ऐकवत. नवीन माणूस हळूच घड्याळाकडे बघे.

सातवं कार्ड खाटेच्या स्प्रिंगचं. तेवीस वर्षांपूर्वी त्याला काही केल्या वाक्य सापडेना. घरी भाऊ तोंड पाडून बसले होते. बायको चादर घालत होती. ती खाटेवर बसली, खाट करकरली, आणि ती म्हणाली, “खाटेची स्प्रिंग अगदी तुमच्यासारखी. कुरकुर फार, पण भार पेलते.”

भाऊंना राहवलं नाही. वाक्य त्यांनी जसंच्या तसं कार्डावर उतरवलं आणि खाली ठोकून दिलं: ‘घरगुती दुरुस्ती, पान १२’. जन्मात केलेली तेवढी एकच लबाडी. बायकोला सांगितलं तेव्हा ती पदर तोंडाला लावून हसली होती. “म्हणजे मी छापून येणार? अगोबाई, मग जरा बरं तरी बोलले असते!”

तिला जाऊन चार वर्षं झाली. एखादा दिवस फारच सुना गेला, की भाऊ काहीतरी निमित्त काढून तो खण उघडत आणि कार्ड वाचून परत ठेवत. आता कोश छापायला निघाला होता आणि त्याआधी प्रत्येक कार्डावरचं वाक्य मूळ पुस्तकाशी ताडून बघणं चालू होतं. महिन्याभरात ते वाक्य खरोखरच कागदावर उमटणार होतं.

दुपारी ग्रंथपाल हातात पत्र घेऊन आले. “संपादकबाईंनी पुस्तक हरवल्याचा लेखी खुलासा मागितलाय. दोन महिन्यांवर निवृत्ती आलीय, भाऊ. आजवर एक पुस्तक हरवलं नाही माझ्याकडून.”

भाऊ मूग गिळून बसले असते, तरी कुणाला काही कळलं नसतं. पण ते उठले, सातवं कार्ड काढलं आणि सरळ संपादकबाईंच्या खोलीत गेले.

“बाई, ग्रंथपालांचा काही दोष नाही. असं पुस्तकच नाहीये. मी खोटं लिहिलं.”

बाईंनी चष्मा काढला. “तुम्ही? भाऊ, काहीतरीच काय!” मग त्यांनी वाक्य वाचलं आणि त्यांना हसू फुटलं. “पण छान आहे हो. कुणाचं?”

“आमच्या हिचं.”

बाईंचं हसू विरलं. त्यांनी कार्ड पुन्हा एकदा वाचलं. “ठेवता आलं असतं, तर ठेवलं असतं,” त्या हलकेच म्हणाल्या. “पण एकदा सूट दिली, तर बाकीच्या हजारो कार्डांवर कोण विश्वास ठेवेल?”

“माहीत आहे, बाई. मीच शिकवतो ते सगळ्यांना.”

बाईंनी ग्रंथपालांना बोलावून खुलाशाचं पत्र परत घेतलं आणि तिथल्या तिथे फाडलं. भाऊंनी पलंगाच्या कारखान्याच्या माहितीपुस्तकातून नवीन वाक्य काढलं: ‘खाटेच्या स्प्रिंगा कोरड्या फडक्याने पुसाव्यात.’ पान चार. त्यात चूक काढायला जागा नव्हती आणि वाचण्यासारखंही काही नव्हतं.

रद्द कार्ड तिथे फेकत नसत. लाल शाईनं कारण लिहून, सही करून ते वेगळ्या खणात ठेवायचं. भाऊंनी टोपण काढलं. अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं.

‘असं पुस्तक नाही,’ त्यांनी लिहिलं. ‘अशी बाई होती.’

खाली सही केली आणि शाई वाळेपर्यंत कार्ड हातात धरून ते उभे राहिले.