तिजोरीतली दुनळी

पैठणकडची शेती वाट्याने लावून काकासाहेब बायकोसह शहरात मुलाकडे राहायला आले, तेव्हा टेम्पोतून दोन पलंग, एक जातं, तांब्याचा बंब आणि बारा बोरची दुनळी बंदूक आली. बंब गच्चीवर गेला, जातं जिन्याखाली गेलं. बंदूक मात्र थेट हॉलमध्ये, टीव्हीच्या वर, दोन खुंट्यांवर जाऊन बसली. गावाकडे रानडुकरांपासून पीक राखायला म्हणून तिचा परवाना काढलेला. बीड बायपासच्या रो-हाउसमध्ये रानडुकरं नव्हती. चार वर्षांची शाल्मली होती, आणि तिला सोफ्याच्या पाठीवर चढता येत होतं.

शाल्मलीच्या आईने, सायलीने, आधी गोडीत सांगून पाहिलं, मग आवाज चढवून, मग रोज पोळ्या वाढता वाढता. बंदूक कुलपात ठेवा. नवरा इंद्रजीत म्हणे, "बघू." इंद्रजीतचं 'बघू' आजवर कुणाच्या पदरात पडलं नव्हतं. सासरे म्हणत, "तीस वर्सं खुटीवर हाय. कुणाला चावली का?"

मग परवान्याच्या नूतनीकरणाला गेल्यावर तिथल्या साहेबानेच विचारलं, बंदूक ठेवता कुठे? "हालमधी," काकासाहेब छाती काढून म्हणाले. साहेबाने असं काही सुनावलं, की घरी आल्यावर त्यांनी चहासुद्धा मागितला नाही. संध्याकाळी म्हणाले, "बंदुकीला तिजोरी घ्यावी लागंल. साहेब म्हणला." सायलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुनेने सांगितलं ती कटकट, साहेबाने सांगितला तो कायदा! पण काम होतंय ना, म्हणून तिने ते गिळलं.

औरंगपुऱ्यातल्या दुकानदाराने सासरा-सुनेला खुर्च्या दिल्या, चहा मागवला आणि गुडघ्याएवढ्या तिजोऱ्या दाखवायला सुरुवात केली. बंदूक म्हटल्यावर त्याने डोकं खाजवलं. "मॅडम, इसमें सोना रखो, चांदी रखो. बंदूक लंबी चीज है, कैसे बैठेगी? हां, खोल के रखो तो आराम से. नली अलग, दस्ता अलग."

सायलीचा चेहरा उजळला. नळी वेगळी, दस्ता वेगळा, याहून चांगलं ते काय! पण काकासाहेब चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "बंदूक काय भाकर हाय व्हय, मोडून ठेवाया?"

झालं. आडदांड, उभी तिजोरी खास बनवून घ्यायचं ठरलं. बोटाच्या ठशाचं कुलूप लावून पाहिलं, तर काकासाहेबांचे ठसे औताच्या रुमण्याने कधीच पुसून टाकलेले. यंत्र त्यांना ओळखेचना. शेवटी नंबरचं कुलूप घेतलं. सायलीने दुकानातच बजावलं, "आबा, नंबर फक्त तुम्हाला ठाऊक पाहिजे. परवाना तुमचा आहे. मला सांगू नका, ह्यांनाही नाही."

"नाय सांगत, बाई," काकासाहेब म्हणाले.

तिजोरी दारात उतरली आणि सासूबाई लक्ष्मीबाईंनी ती ताब्यात घेतली. आधी नारळ फोडला. मग हळदी-कुंकवाचं स्वस्तिक काढलं. सासऱ्यांच्या खोलीतला कोपरा सायलीने आधीच मोजून ठेवला होता, पण तिजोरीचं तोंड उत्तरेला पाहिजे, उत्तर ही कुबेराची दिशा, आणि त्या कोपऱ्यात ते पश्चिमेला येत होतं. म्हणून तिजोरी हॉलमध्ये आली, टीव्हीच्या शेजारी. बंदूक खुंटीवरून निघून तिथेच दोन हातांवर, लोखंडी दारामागे गेली.

"आत्याबाई, ही पैशाअडक्याची तिजोरी नाही. बंदुकीची आहे."

"आगं, येवढी जागा येकट्या बंदुकीला? तिला काय संसार मांडायचाय?"

दुसऱ्या दिवशी दागिन्यांचा डबा आत गेला. मग पैठण्या गेल्या, सातबारे गेले, इंद्रजीतच्या गाडीची कागदपत्रं गेली. बंदूक बिचारी मागच्या बाजूला, लग्नात आलेल्या परक्या माणसासारखी अंग चोरून उभी. आणि मंगळसूत्र बदलायला रोज नवऱ्याला झोपेतून उठवायचं का, असं विचारून लक्ष्मीबाईंनी नंबर काढून घेतला. काढून घ्यायची तरी काय गरज होती? काकासाहेबांनी लावला होता आपल्या जुन्या जीपचा नंबर, जो अर्ध्या पैठण तालुक्याला पाठ होता. आठवड्याभरात इंद्रजीत फोनवरून सायलीलाच सांगत होता, "जीपचा नंबर दाब आणि गाडीचा विमा काढून ठेव."

सायलीने त्या दिवशी तिजोरीला हात लावला नाही. विमाही काढला नाही. रात्री भांडण झालं, आणि त्यात ती हरली. 'घरातल्या घरात कसली चोरी' असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. चोरीचं कोण बोलतंय, हे सांगून सांगून तिचा घसा बसला. इतकं लोखंड घरात आणून पोर होती तितकीच उघड्यावर राहिली, या विचाराने तिला ऑफिसातही काही सुचेनासं झालं. दुपारी उगाच घरी फोन लावून ती विचारायची, शालू काय करतेय?

दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाला लक्ष्मीबाईंनी तिजोरी धुऊन-पुसून घेतली, दाराला झेंडूची माळ घातली आणि दार सताड उघडं ठेवलं. आत समई लावली तर पैठण्यांना झळ लागेल, म्हणून ती समोर ठेवली. सायली म्हणाली, पूजा झाली, आता लावून घेऊ. सासूबाईंनी डोळे मोठे केले. "लक्ष्मी यायच्या टायमाला दार लावतीस? नाट लावू नको, सायली. आजच्या दिस ऱ्हाऊ दे."

आजच्या दिवस. शेजारचे नानासाहेब सहकुटुंब प्रसादाला आले होते, त्यांच्यासमोर तमाशा नको, म्हणून सायली दात-ओठ खात फराळाची ताटं भरायला आत गेली. चकल्या, करंज्या, शेव. बाहेर हसण्याचा आवाज येत होता. नानासाहेब मोठ्याने म्हणत होते, "वा, झाशीची राणी!"

ताट घेऊन ती बाहेर आली. शाल्मली नव्या परकर-पोलक्यात सोफ्यावर बसली होती. दुनळी तिच्या मांडीवर आडवी, नळ्यांवर हळदी-कुंकू. नळ्यांचं तोंड नानासाहेबांच्या बायकोकडे. काकासाहेब कौतुकाने नातीला धरून बसलेले, आणि इंद्रजीत फोन घेऊन, "शालू, इकडं बघ." शालूचं बोट चापाच्या कडीत होतं.

ताट कुठे ठेवलं, ते सायलीला कळलं नाही. तिने नळ्या छताकडे ढकलल्या, पोरीचं बोट सोडवलं आणि बंदूक सासऱ्यांसमोर धरली.

"आबा, उघडून दाखवा."

"रिकामी हाय गं."

"उघडा."

तिचा असला आवाज त्या घरात कुणी ऐकला नव्हता. काकासाहेबांनी बंदूक घेतली, भिंतीकडे वळवली, खटका दाबून मध्यातून वाकवली. उजवी नळी रिकामी होती. डावीत काडतुसाचं पितळी बूड चमकत होतं.

नानासाहेबांची बायको उठून उभी राहिली. काकासाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. काडतूस त्यांनी बाहेर काढून मुठीत धरलं.

"म्या... पूजेला घातलं हुतं," ते म्हणाले. "दसऱ्याला घालतो तसं. रिकाम्या हत्याराची पूजा करत नसत्यात. आमचे वडील कधी करत नव्हते. पूजा झाली की काढायचं, ते पाव्हणे आले अन्..."

इंद्रजीत फोन खिशात घालत म्हणाला, "जाऊ दे ना. काही झालं तर नाही ना?"

सायलीला वाटलं, समोरचं ताट उचलून याच्या डोक्यात घालावं. काही झालं नाही! म्हणजे काही झाल्यावरच या घरात दार लागणार होतं. ती तिजोरीपाशी गेली आणि दागिन्यांचा डबा उचलून खाली ठेवला. मग पैठण्या. मग कागद.

"आज?" लक्ष्मीबाई कळवळून म्हणाल्या. "आज लक्ष्मी भायेर काढतीस?"

"हो. आजच."

शाल्मली एव्हाना रडायला लागली होती. आपलं काय चुकलं, हे तिला समजत नव्हतं. लक्ष्मीबाईंनी नातीकडे पाहिलं, तिचं ते बोट हातात घेतलं. खाली बसून त्यांनीच चांदीची लक्ष्मी, नाणी, डबा एकेक करून पदरात गोळा केलं.

पाहुणे फराळ न करताच गेले. काकासाहेबांनी बंदूक आत ठेवली, दार लावलं, माळ काढून टाकली. मग अंगाने कुलूप झाकून नवा नंबर लावला. बराच वेळ लागला त्यांना.

"आता कुणालाच सांगत नाय," ते वळून म्हणाले. "देवाशपथ."

सायलीला हवं होतं ते सगळं झालं होतं, आणि तरीही तिचा जीव थाऱ्यावर येईना. मग तिला उमगलं, का ते. सासऱ्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून ती आजवर कधी बोलली नव्हती, ती आता बोलली.

"आम्हा सगळ्यांना अडवेल ती तिजोरी, आबा. पण काडतूस आम्ही नव्हतं घातलं. तुम्हाला कोण अडवणार?"

इंद्रजीत म्हणाला, "सायली!" काकासाहेबांनी हात वर करून त्याला गप्प केलं. ते आपल्या खोलीत गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला. परत आले तेव्हा त्यांच्या हातात काडतुसांची पेटी होती. अगदी सावकाश, जणू तीच फुटेल अशा बेताने, त्यांनी ती सुनेपुढे धरली.

"ही तुझ्या कपाटात ठेव. किल्ली तुझ्यापाशी," ते म्हणाले. "म्या मागितली तर देऊ नको. वरडलो तरी देऊ नको. तू अडव मला."

सायलीने दोन्ही हात पुढे केले. पेटी वाटली होती त्यापेक्षा जड होती.